शर्यतीतून रणात, रणातून शर्यतीत

वाशीमचा आणि स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा धागा शोधायचा तर आधी वऱ्हाडाचे जुने कागद उघडावे लागतात. 1902 मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड हैदराबादच्या निजामाकडून वर्षाला 25 लाख रुपयांच्या खंडाने कायमचे घेतले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. वाशीम तेव्हा ‘बासिम’ जिल्हा होता. 1905 मध्ये तो मोडला, वाशीम अकोल्यात गेले आणि 1998 मध्ये पुन्हा वेगळा जिल्हा झाले.

पुढे याच निजाम घराण्याच्या देणगीवरून ब्रिटिश हवाई दलाच्या 152 व्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले, तिच्या मानचिन्हावर निजामाची दस्तार आली. 1940 मध्ये ही स्क्वाड्रन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील वॉर्मवेलहून स्पिटफायर घेऊन लढली. त्या देणगीत वऱ्हाडचा रुपया किती, हे वेगळे काढता येणार नाही. पण वऱ्हाडचा खंड त्याच खजिन्यात जाई, आणि आपल्या काळ्या जमिनीच्या साऱ्याची त्यात आठवण ठेवायलाच हवी असे मला वाटते.

स्पिटफायर जन्मले मात्र शर्यतीच्या घराण्यात. श्नायडर करंडक ही समुद्री विमानांची शर्यत. 1931 मध्ये ब्रिटिश सरकारने हात आखडता घेतला, तेव्हा लेडी ह्यूस्टन या श्रीमंत बाईंनी एक लाख पौंड दिले. विमानरचनाकार रेजिनाल्ड मिचेल यांच्या एस-6-बी विमानाने 13 सप्टेंबरला करंडक कायमचा जिंकला. फ्रान्स-इटलीची विमाने तयार नसल्याने वैमानिक जॉन बूथमन एकटेच उडाले. त्याच महिन्यात या विमानाने ताशी 655 किलोमीटरचा विक्रम केला. रोल्स-रॉईसच्या ‘आर’ इंजिनातून 2,300 अश्वशक्ती काढण्यासाठी खास मिश्रणाचे इंधन लागे आणि पंखांचे पत्रेच रेडिएटरचे काम करत. त्या शर्यतींतून मिचेल जे शिकले, ते 5 मार्च 1936 रोजी प्रथम उडालेल्या स्पिटफायरला कामी आले. पुढच्याच वर्षी ते वारले. आपल्या विमानाचे युद्ध त्यांनी पाहिले नाही.

युद्ध सरले, जेट आली, आणि पंख्याची लढाऊ विमाने भंगाराच्या भावात निघाली. 1964 पासून अमेरिकेत नेवाडातील रीनो येथे ती पुन्हा शर्यतीत उतरली. वाळवंटात उभ्या खांबांना वळसे घालत, जमिनीला जवळजवळ चिकटून. पंख छाटायचे, कॉकपिटचे छत ठेंगणे करायचे, रेडिएटरवर पाणी फवारायचे आणि मर्लिन इंजिनाकडून दुपटीहून अधिक ताकद मागायची. हा खेळ जीवघेणाही आहे: 2011 मध्ये ‘गॅलपिंग घोस्ट’ नावाचे मस्टँग विमान प्रेक्षकांजवळ कोसळून 11 जण गेले. रीनोतला हा सिलसिला 2023 मध्ये थांबला.

तिथल्या ‘ड्रेडनॉट’ने मला सर्वांत जास्त खिळवले. ते ब्रह्मदेशाच्या हवाई दलाचे जुने सी फ्युरी लढाऊ विमान. फ्रँक सँडर्स यांनी ते अमेरिकेत नेले, त्याचे 18 सिलिंडरचे इंजिन काढून 28 सिलिंडरचे बसवले, आणि 1983 मध्ये पहिल्याच वर्षी ते जिंकले. सी फ्युरी हे टेम्पेस्ट या लढाऊ विमानाचे धाकटे भावंड, आणि टेम्पेस्ट आपल्या वायुसेनेत होते! 1947-48 च्या काश्मीर मोहिमेत ती लढली. त्याच मोहिमेत महावीरचक्र मिळवणारे हृषिकेश मुळगावकर पुढे वायुसेनाप्रमुख झाले.

आपली निवृत्त टेम्पेस्ट 1970 च्या दशकाअखेरीस परदेशी संग्राहकांनी नेली. दुसऱ्या प्रकारची जी टेम्पेस्ट आज जगात उरली आहेत, त्यांतली बहुतेक भारतीय वायुसेनेचीच होती. त्यांपैकी एक 2023 मध्ये इंग्लंडात सायवेलच्या धावपट्टीवरून पुन्हा उडाले.