पाहुण्याचे अठरा कप्पे

एका संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालतो, तेव्हा आतल्याला ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा म्हणतात आणि बाहेरच्याला यजमान. लिनक्समध्ये ही सोय ‘केव्हीएम’ करते. २००७ साली ती लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये आली.

प्रोसेसर हातातले काम रजिस्टर नावाच्या चिमुकल्या कप्प्यांत ठेवतो. पाहुण्याचे कप्पे कर्नलच्या ताब्यात असतात. त्याला चालवणारा प्रोग्रॅम मात्र कर्नलबाहेर असतो. म्हणून केव्हीएमने एक खिडकी ठेवली आहे : पाहुण्याला थांबवा, कप्पे वाचा, हवे तर बदला. इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर एका मागणीत अठरा आकडे हाती येतात : सोळा सर्वसाधारण कप्पे, पुढच्या आज्ञेचा पत्ता आणि स्थितीच्या खुणांचा एक कप्पा. एकूण १४४ बाइट.

एवढ्यात पाहुणा मावला, असे मला वाटले होते. त्याची सगळी मेमरी आणि हे अठरा आकडे मी नव्या जागी नेले. तो पहिल्याच पावलाला कोसळला. मेमरीचा नकाशा कुठे आहे ते सांगणारा ‘सीआर-३’ राहून गेला होता; तो वेगळ्या मागणीने घ्यावा लागतो. स्मृती सगळी होती, तिच्याकडे जायची वाट नव्हती.

चालता पाहुणा एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवता येतो तो या खिडकीमुळेच. पण त्याची गुपितेही कधीकधी याच कप्प्यांत असतात. म्हणून एएमडीच्या ‘एसईव्ही-ईएस’ पद्धतीत पाहुणा थांबताच त्याचे कप्पे कूटबद्ध होतात. यजमानाला ते वाचता येत नाहीत. खिडकी किती उघडी असावी, हा प्रश्न शेवटी यजमानावरच्या विश्वासाचा आहे.