या, या, स्टेज सगळ्यांचंच आहे!

दोस्तांनो, गॅदरिंग म्हटलं की काय आठवतं? महिनाभर बसवलेला डान्स, बाईंनी निवडलेली पंधरा मुलं आणि टाळ्या वाजवायला उरलेले बाकीचे सगळे! बरोबर ना?

पण थोडे मोठे व्हा, कॉलेजात जा. तिथल्या स्नेहसंमेलनात कधीकधी एक वेगळीच संध्याकाळ असते. तिथं निवड नाही, परीक्षक नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, पुकारा झाला की स्टेजवर जायचं. गाणं म्हणा, नकला करा, कविता वाचा, नाहीतर बासरी वाजवा. आणि नाव कुणीही द्यावं! एरवी वर्गात करड्या आवाजात गणित शिकवणारे सर जुनं सिनेमाचं गाणं म्हणतात. प्रयोगशाळेतले काका ढोलकी वाजवतात. ग्रंथालयातल्या मॅडम आपली कविता वाचतात. याला म्हणायचं खुला मंच!

यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवडा इथली बहुतेक कॉलेजं ज्या विद्यापीठाखाली येतात, ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ 1983 साली सुरू झालं. विद्यापीठाचे युवा महोत्सव असतात. तिथं एकांकिका, मूकनाट्य, समूहगान, लोकनृत्य अशा स्पर्धा होतात. त्या हव्यातच. पण स्पर्धेला उत्तम ते निवडावं लागतं. खुल्या मंचावर मात्र जो धीर करून आला, तो आपला!

आपली बोली, आपलं स्टेज

आता एक गंमत पाहा. यवतमाळ जिल्ह्यात घराघरांतून वऱ्हाडी तर बोलतातच. पण तांड्यावर गोरमाटी, गोंडांच्या गावात गोंडी आणि कोलामांच्या पोडावर कोलामी ऐकू येते. बंजाऱ्यांची होळी लेंगी गाण्यांशिवाय होत नाही. दिवाळीच्या दिवसांत गोंड-कोलामांची दंडार रंगते. म्हणजे गाणं-नाचणं या मुलांना घरीच मिळालेलं असतं. आणि तरी, पोडावरून आलेली एखादी मुलगी कॉलेजात वर्षभर तोंड उघडत नाही. का बरं? "आपण बोललो तर सगळे हसतील," ही भीती! 'काहून' म्हटलं तरी मागच्या बाकावरून खी-खी ऐकू येते.

अशा मुलीला बक्षीस नको असतं. तिला पाच मिनिटं हवी असतात, आणि न हसता ऐकणारी माणसं.

शंकर बडे हे नाव घरी विचारून पाहा. यवतमाळ जिल्ह्यातले हे वऱ्हाडी कवी 2016 साली गेले. ज्या बोलीला लोक गावंढळ म्हणत, त्याच बोलीत त्यांनी कविता लिहिल्या आणि 'बॅरिस्टर गुलब्या' हा एकपात्री प्रयोग करून गावोगावच्या लोकांना हसवलं, रडवलंही.

आणि सरांनी स्टेजवर यावं का? अहो, यावंच! औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा प्रयोग करायचे. मराठवाड्याच्या बोलीत, एकट्यानं, तब्बल 52 पात्रं! त्याची गिनीज बुकात नोंद झाली. बरं का, यातलं 'वऱ्हाड' म्हणजे लग्नाचं वऱ्हाड, आपला वऱ्हाड प्रांत नव्हे!

पाय का लटपटतात?

स्टेजवर चढताना छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हात गार होतात. घाबरू नका, तुमचं काही बिघडलेलं नाही. 'संकट आलं' असं समजून शरीर ॲड्रेनलिन नावाचं रसायन रक्तात सोडतं. मग हृदय जोरात धावतं, आणि रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात. वाघ समोर आला तरी हेच होतं! फरक इतकाच, की इथं समोर वाघ नसून आपलेच मित्र असतात.

मग करायचं काय?

1. पहिलं वाक्य चांगलं पाठ करा. ते सुटलं की पुढचं आपोआप येतं.

2. जाण्याआधी श्वास हळूहळू बाहेर सोडा, चार-पाच वेळा. धडधड कमी होते.

3. मध्ये विसरलात तर थांबा, घोटभर पाणी प्या, पुन्हा सुरू करा. कुणी फाशी देत नाही!

खाली बसणाऱ्यांनो, तुम्हीसुद्धा!

गॅदरिंगमध्ये 'फिशपाँड' असतात, म्हणजे आपले शेलापागोटे. एकेकाच्या नावानं चिठ्ठी निघते आणि सगळे खो-खो हसतात. मजा येते खरी. पण चिठ्ठी कुणाच्या रंगावर, जाडीवर किंवा बोलीवर असेल, तर ज्याचं नाव निघालं तो नुसता हसल्यासारखं करतो. ती चिठ्ठी लिहूच नये.

ज्यांचं नाव या विद्यापीठाला दिलंय, ते गाडगेबाबा कीर्तन कसं करत ठाऊक आहे? ते समोरच्यांना प्रश्न विचारायचे आणि लोकांनी उत्तरं द्यायची. ऐकणाऱ्यांशिवाय त्यांचं कीर्तन पुढे सरकतच नसे! खुल्या मंचाचंही तसंच आहे. अर्धा कार्यक्रम स्टेजवर होतो, अर्धा सतरंजीवर. कुणी अडखळला, तर तेवढ्यात वाजलेली एक टाळी त्याला सावरते, आणि एक शिट्टी त्याला कायमचा गप्प करू शकते.

आई-बाबांनाही एक सांगणं. मूल स्टेजवरून उतरलं की "नंबर आला का?" हे विचारू नका. "कसं वाटलं?" एवढं विचारा.

आणि दोस्तांनो, कॉलेजची वाट कशाला बघायची? पुढच्या शनिवारी शेवटच्या तासाला बाईंना विचारा, "अर्धा तास खुला मंच करू या का?" बाईंचं नावही चिठ्ठीवर घ्या बरं का! आणि वर्गात जो कधीच बोलत नाही, त्याच्याशेजारी जाऊन बसा. "तू येतोस का? मी पुढे बसून टाळ्या वाजवतो," असं त्याला सांगा.

बघा तर खरं, काय काय ऐकायला मिळतं ते!