शिक्षकावाचून फलंदाजी

ऑस्ट्रेलियातील बाउरल या लहानशा गावी डॉन ब्रॅडमन या मुलास फलंदाजी शिकविणारा कोणी नव्हता. घरामागील पाण्याच्या टाकीस विटांची गोलाकार बैठक होती. तीवर तो गोल्फचा चेंडू फेकी आणि उसळून आलेला चेंडू बॅटऐवजी बारीकशा यष्टीने टोलवी. बैठक गोल, त्यामुळे चेंडू कोणीकडे परतेल याचा नेम नसे. नजर, पाऊल आणि मनगट यांना क्षणार्धात एकमत करावे लागे. चूक सांगावयास कोणी नको. चेंडू निसटला की ती कळे. १९४८ साली ब्रॅडमन कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले तेव्हा त्यांची सरासरी ९९.९४ होती. मुलाचा प्रत्येक फटका सुधारीत बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्यास एखादी खडबडीत भिंत आणि रबरी चेंडू मिळवून द्यावा. शेजाऱ्यांची तावदाने मात्र सांभाळावी लागतील!