गोड पांढऱ्या वाइनकडून लाल वाइनकडे

आयुर्वेदाने मानलेल्या सहा रसांपैकी कषाय, म्हणजेच तुरट, हा रस मराठवाड्यातील जिभेला परका नाही. जांभूळ, आवळा, सुपारी आणि कात यांतून तो नित्य भेटतो, आणि विड्याचे पान कुटून केलेला तांबूल जिथे देवीचा प्रसाद म्हणून दिला जातो, त्या माहूरच्या परिसरात तर या रसाची ओळख लहानपणीच होते. तरीही गोडसर पांढऱ्या वाइनची सवय असलेली व्यक्ती लाल वाइनचा पहिला घोट घेताच पेला बाजूला सारते, तेव्हा तिला साखरेच्या उणिवेइतकाच, किंबहुना अधिक, हा तुरटपणाच खटकलेला असतो.

या फरकाचे मूळ द्राक्षाच्या सालीत आहे. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी पिळून केवळ रस आंबवला जातो, तर लाल वाइनसाठी रस साली आणि बियांसह आंबवला जात असल्याने त्यांतील रंग आणि टॅनिन ही तुरट द्रव्ये वाइनमध्ये उतरतात. टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून ठेवते, त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा कमी होऊन तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. गोडी मात्र वेगळ्या कारणाने येते: किण्व रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करत असताना ती क्रिया रस थंड करून मध्येच थांबवली, तर काही साखर उरते. सुला विनयार्ड्सने २००० साली नाशिकमधून ज्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यांत शेनिन ब्लाँ होती, आणि तिच्यासारख्या गोडसर पांढऱ्या वाइननेच महाराष्ट्रातील अनेकांची या पेयाशी पहिली ओळख झाली.

म्हणून लाल वाइन निवडताना केवळ गोडी शोधण्यापेक्षा टॅनिन कमी असलेली बाटली शोधणे अधिक उपयोगी ठरते. पहिली पायरी रोझेची. तिच्यात रस सालींच्या सहवासात थोडाच वेळ राहत असल्याने रंग गुलाबी येतो आणि तुरटपणा नाममात्र असतो, आणि नाशिकची झिनफँडेल रोझे यासाठी सोयीची आहे. त्यानंतर पिनो न्वार किंवा गामे यांसारख्या पातळ सालीच्या अथवा मृदू द्राक्षांची वाइन, मग मर्लो, आणि पुढे पिकलेल्या काळ्या फळांचा व मिऱ्याचा गंध देणारी शिराझ असा क्रम ठेवावा. अकलूजच्या फ्रातेली या वाइनरीची सांजोवेझे आंबटपणाकडे झुकते, त्यामुळे ती जेवणाबरोबर घेणे बरे. जाड सालीच्या कॅबर्ने सोव्हिन्योंचा क्रम मात्र शेवटचा. फळांचा गंध आला म्हणजे वाइनमध्ये साखर आहे असे नव्हे, हे लक्षात ठेवल्यास बाटलीवरील वर्णनाने फसगत होत नाही.

वाढण्याच्या पद्धतीचाही चवीवर परिणाम होतो. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम थंड प्रदेशातील खोल्यांपुरता खरा आहे. नांदेडच्या उन्हाळ्यात तो पाळल्यास मद्यार्काचा भपकारा येतो, उलट बर्फासारखी गार केली तर तुरटपणा टोचतो, म्हणून हलकी लाल वाइन सुमारे १३ ते १४ अंश आणि शिराझ १६ ते १८ अंश सेल्सिअसवर ठेवणे योग्य. मीठ आणि स्निग्धता तुरटपणा सौम्य करतात, त्यामुळे चीज किंवा खारवलेले शेंगदाणे सोबतीला चालतात. ठेचा किंवा येसराची झणझणीत आमटी मद्यार्काची जळजळ वाढवते, आणि गोड पदार्थासोबत कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, वाइन अधिकच आंबट लागते.

गोव्यात पोर्ट या नावाने विकली जाणारी गोड लाल वाइन हा सोपा मार्ग दिसतो, परंतु तिच्यातील साखर तुरटपणा झाकून टाकते आणि जिभेला त्याची सवय होऊ देत नाही. रोझेपासून शिराझपर्यंतची वाट थोडी लांबची असली, तरी लाल वाइनची खरी चव ओळखू इच्छिणाऱ्याने तीच धरावी.