गोठ्यावर सौर पॅनेल? आधी वासे पाहा!

गोरेगावच्या आरे वसाहतीतले म्हशींचे गोठे आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. मुंबई शहरातले तबेले वस्तीबाहेर न्यावेत म्हणून १९४९ साली ही वसाहत उभारली गेली. बाजूंनी मोकळे, लांबलचक गोठे. अंधेरी ते बोरिवली माणसाला उभे राहायला जागा नाही, आणि इथे एवढी छपरे उन्हात नुसती तापत असतात! आपल्या गावातल्या गोठ्याचेही तेच. मग त्यावर सौर पॅनेल का बसवू नयेत?

जरूर बसवावीत. पण ठेकेदाराला इसार देण्यापूर्वी गोठ्यात उभे राहून वर पाहा.

एक पॅनेल साधारण २५ ते ३० किलोचे असते. हे ओझे चांगली कैची सहज पेलते. खरी भीती वाऱ्याची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड-रत्नागिरीत घरांचे आणि गोठ्यांचे पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. पॅनेलखाली वारा शिरला की तो ते वर उचलू पाहतो. नुसत्या पत्र्याला आवळलेले पॅनेल पत्र्यासकट जाते, आणि खाली आपली दुभती जनावरे बांधलेली असतात. म्हणून सांगाड्याचे बोल्ट पत्र्यातून खालच्या वाशांत किंवा अँगलमध्येच गेले पाहिजेत. वासे वाळवीने खाल्लेले असतील, तर गोठ्याच्या बाहेर काँक्रीटमध्ये खांब रोवून छपराच्या वर स्वतंत्र सांगाडा उभा करा. खर्च वाढतो, पण कर्ज काढून घेतलेली वस्तू वादळाच्या स्वाधीन करण्यापेक्षा तो परवडतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर चढू नका, त्यांना भोकेही पाडू नका. ते पायाखाली फुटतात आणि ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते.

शेणमुताच्या वाफेने लोखंड लवकर गंजते, तेव्हा सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेलाच घ्या. वायरी पाइपातून आणि म्हशीच्या शिंगापासून दूर न्या. अर्थिंगमध्ये काटकसर नको; माणसाला नुसता झटका बसेल एवढ्या विजेने जनावर दगावू शकते.

एक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटांच्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यात पुष्कळ कमी. बॅटरी नसलेली, महावितरणच्या तारेला जोडलेली यंत्रणा गावची वीज गेली की आपणही बंद पडते, हे विक्रेता बहुधा सांगत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले, पण ते घरगुती जोडणीसाठी. गोठ्याचे मीटर वेगळे असेल तर महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा.

विजेखेरीज एक लाभ घरच्या बाईमाणसांच्या लवकर ध्यानात येईल, कारण धारा त्याच काढतात. म्हशीचे कातडे काळे, घाम कमी. उकाड्यात ती दूध चोरते. पॅनेल आणि पत्रा यांत वीतभर पोकळी ठेवली तर पत्र्यावर सावली पडते आणि गोठा कमी तापतो. वारा खेळल्याने पॅनेलही थंड राहून वीज बरी देते.

कांदाचाळीचा बांबूचा सांगाडा मात्र या कामाचा नाही. तिथे स्वतंत्र खांबच हवेत.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, आपल्याकडे साधारण २० अंशांच्या उताराने बसवा. भुसा आणि कबुतरांची घाण साचली की वीज घटते. धुणे सकाळी, काच गार असताना करावे, आणि छपरावर न चढता, लांब दांड्याच्या मऊ ब्रशने.