परीक्षा हात धरणाऱ्याची

स्काऊट शिबिरांत खेळला जाणारा एक जुना खेळ आहे. मुलांच्या जोड्या करायच्या, एकाने गळ्यातला स्कार्फ सोडून डोळ्यांवर बांधायचा आणि दुसऱ्याने त्याला मैदानातून फिरवून आणायचे. बघणाऱ्यांचे लक्ष पट्टी बांधलेल्या मुलाकडे असते. तो घाबरतो का, पाऊल टाकतो का, हेच सगळे बघत राहतात. माझ्या मते या खेळात खरे शिकतो तो हात धरणारा. दगड पायाशी येण्याआधी सांगायचा, पायरी चढायची की उतरायची ते बोलायचे, आपल्या वेगाने न ओढता त्याच्या वेगाने चालायचे, आणि तो बिथरला तर थट्टा न करता थांबायचे. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी ही मोठी जबाबदारी आहे. स्काऊटचा पहिला नियमही विश्वास ठेवायला सांगत नाही. विश्वास ठेवण्याजोगे व्हायला सांगतो.

मुलांवर अशी जबाबदारी टाकण्याची मुळे स्काऊटिंगच्या पहिल्या शिबिरातच आहेत. ऑगस्ट १९०७ मध्ये स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुले नेली. त्यांत बड्या निवासी शाळांतली होती, तशीच गावातली कामकऱ्यांची मुलेही होती. वेगवेगळ्या थरांतल्या या मुलांचे त्यांनी लांडगा, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळा या नावांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाला नायक नेमला. रात्री पाळीपाळीने एकेक संघ शिधा घेऊन बाहेर पडे, स्वतः रांधून जेवे आणि पहारा देई. बाकीची मुले त्यांच्या भरवशावर झोपत. मुलांवर खरे काम सोपवण्याची ही संघपद्धती आजही स्काऊटिंगचा कणा आहे.

डोळे बांधून तंबू उभारण्याचा खेळही याच जातीचा. संघातल्या सगळ्यांचे डोळे बांधायचे. एकट्या नायकाला दिसते, पण त्याने कशाला हात लावायचा नाही, फक्त बोलायचे. 'तो दोर इकडे घे' म्हणून भागत नाही. कोणी, कोणत्या हाताने, किती ओढायचे हे नाव घेऊन सांगावे लागते. नायक ओरडू लागला की काम अडते, हे त्याला कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मागे पडून मित्रांनी झेलण्याचा खेळ मात्र जपून घ्यावा. टेबलावरून किंवा कट्ट्यावरून तो कधीच नको. मान आणि पाठीशी खेळ होतो. जमिनीवर उभे राहून, झेलणारे अगदी जवळ, एक पाय पुढे टाकून, शिक्षक शेजारी, असाच करावा. पडणाऱ्याने 'तयार?' विचारावे आणि झेलणाऱ्यांचे 'तयार' ऐकल्यावरच अंग सोडावे. आपल्याकडे स्काऊटचे ब्रीदही 'तयार' हेच आहे. एखाद्याला पडायचे नसेल तर त्याचा नकार तिथेच मान्य करावा. हट्टाने पाडलेले मूल त्या संघावर पुन्हा भरवसा ठेवत नाही.

स्काऊटमास्तरांना एक विनंती आहे. खेळ संपला की शिट्टी वाजवून लगेच पुढच्या कार्यक्रमाकडे जाऊ नका. मुलांना गोल बसवा आणि पट्टी बांधलेल्याला विचारा: कुठे भीती वाटली, कोणत्या शब्दाने धीर आला? हात धरणाऱ्याला ते ऐकू द्या. आणि पुढच्या शिबिराचा शिधा, दोर, हिशेबाची वही संघाच्याच ताब्यात द्या.