ययाति (कादंबरी)

ययाति ही वि. स. खांडेकर यांची पौराणिक कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७४ चे ज्ञानपीठ खांडेकरांना लाभले. हा मान मिळवणारे ते पहिले मराठी लेखक होत. शिरोडे येथील शिक्षकी पेशानंतर १९३८ पासून खांडेकरांचे वास्तव्य कोल्हापुरात होते.

कथाबीज महाभारताच्या आदिपर्वातील आहे. हस्तिनापूरचा राजा ययाति शुक्राचार्यांची कन्या देवयानी हिच्याशी विवाह करतो. असुरराज वृषपर्व्याची कन्या शर्मिष्ठा दासी म्हणून तिच्यासोबत येते. राजा व शर्मिष्ठा यांचे गुप्त संबंध उघड झाल्यावर शुक्राचार्य राजाला अकाली वार्धक्याचा शाप देतात आणि शर्मिष्ठेचा पुत्र पूरू पित्याचे वार्धक्य स्वतःवर घेतो.

मूळ कथेत शर्मिष्ठा आपला पुत्र एका ऋषीपासून झाल्याचे सांगून देवयानीला फसवते; पुढे मुलेच पित्याकडे बोट दाखवतात. खांडेकरांना अशा एखाद्या असत्यापेक्षा संसारातील दुरावा अधिक महत्त्वाचा वाटतो. देवयानीचे मन कचात गुंतलेले असते आणि राणीपदाची आकांक्षाही तिला सुटत नाही. मद्यामुळे शुक्राचार्यांची संजीवनी विद्या गेली होती. त्यामुळे पतीच्या मुखाला येणारा मद्याचा वास तिला असह्य होतो. ययाति प्रेमाला भुकेलेला आहे, पण त्या भुकेचे वासनेत होणारे रूपांतर तो ओळखत नाही. म्हणजे फसवणूक शर्मिष्ठेच्या आगमनापूर्वीच सुरू झालेली असते.

ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आळीपाळीने प्रथमपुरुषी निवेदन करतात. त्यामुळे प्रत्येकाची बाजू त्याच्याच तोंडून कळते आणि प्रत्येकाची आत्मवंचनाही. संयमाचा आदर्श असलेला कच मात्र निवेदक नाही. तो इतरांच्या कथनातून व पत्रांतून भेटतो. कदाचित म्हणूनच तो माणसापेक्षा विचार अधिक वाटतो. देवयानीला लेखकाची सहानुभूती शर्मिष्ठेइतकी मिळालेली नाही, हा आक्षेपही अगदीच निराधार नाही.

महाभारतातील पाच पुत्रांऐवजी येथे यदू व पूरू असे दोनच आहेत. उसन्या तारुण्याचा सहस्र वर्षांचा उपभोगही खांडेकरांनी गाळला आहे. स्वातंत्र्योत्तर काळातील वाढता भोगवाद त्यांच्या डोळ्यांसमोर होता. ययाति हा त्यांना आजच्या सामान्य माणसाचा प्रतिनिधी वाटत असे.

याच कथेवर गिरीश कार्नाड यांचे कन्नड नाटक 'ययाति' आणि वि. वा. शिरवाडकरांचे 'ययाति आणि देवयानी' ही नाटके आहेत. खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आहे.